घोडेगावच्या पडवीतले मेज

महाराष्ट्रात घोडेगाव या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पुणे जिल्ह्यातील, आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले घोडेगाव पुष्कळ वाचकांनी भीमाशंकरच्या वाटेवर पाहिले असेल. प्रस्तुत लेखातील घोडेगाव ते नव्हे. हे नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, नेवासे तालुक्यात आहे. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघावे, जेऊर मागे टाकावे, इमामपूरचा घाट ओलांडावा आणि पांढरीच्या पुलावर चहा घ्यावा. तेथून थोड्याच वेळात उजव्या-डाव्या हाताला दुकानांची दाटी दिसू लागते, तेच घोडेगाव. शनिशिंगणापूरला जाणारी बहुतेक मंडळी येथे वळतात आणि वळतानाच गाव विसरतात. ग्रामदेवता घोडेश्वरीचे दर्शन घेण्यास क्वचितच कोणी थांबतो.

आम्ही गेल्या वर्षी पौषात येथे उतरलो तो नेमका शुक्रवार होता. शुक्रवार हा येथील गुरांच्या बाजाराचा दिवस, आणि म्हशींच्या खरेदी-विक्रीसाठी हा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. एरव्ही हे गाव कांद्याचे. नेवासे बाजार समितीचा उपबाजार येथे असल्यामुळे कांद्याच्या दिवशी गोण्यांनी लादलेल्या गाड्यांची रांग लागते. त्या शुक्रवारी मात्र आमची एस.टी. म्हशींच्या एका तांड्यामागे इतका वेळ खोळंबली, की शेवटी सौभाग्यवतींनीच पिशव्या उचलल्या आणि "चला, पायी लवकर पोहोचू," असा निकाल दिला.

जुन्या वाड्यात आमच्या पुतण्याचे कुटुंब नांदते. आम्ही आलो होतो ते पंधरा दिवसांसाठी, हवापालटास. पुढे जे घडले त्याचे मूळ एका दारात आहे. पडवीतून माजघरात जाणारे दार तीन पावसाळे उंबरठ्याला घासत होते. सूनबाई हातात दुधाचे पातेले असले तरी ते खांद्याने ढकलून उघडीत, आणि दर वेळी त्या दाराचा जो करकराट होई तो ऐकून आम्हांस आमच्या निरुपयोगीपणाची आठवण होई. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविले; पण घरचे एक दार अर्धा इंच तासणे आम्हांस कधी जमले नाही. आम्ही तसे बोलून दाखविले तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, त्यासाठी सुतार आहेत की गावात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुतारास बोलाविले.

गृहस्थ पन्नाशी उलटलेले, अंगाने सडसडीत, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. पिशवी खाली ठेवून त्यांनी आम्हांस वाकून नमस्कार केला आणि विचारले, "गुरुजी, ओळखलं का?" आम्ही ओळखले नाही. तेव्हा त्यांनी एका शाळेचे नाव घेतले. आमच्या नोकरीची पहिली काही वर्षे याच भागातील त्या शाळेत गेली होती. "सातवीत होतो तुमच्या वर्गात. खिडकीपाशी बसायचो," असे म्हणून ते कामाला लागले.

दार बिजागऱ्यांतून काढून त्यांनी अंगणात आडवे केले आणि स्वतः जमिनीवर बसले. एका पायाच्या बोटांनी दाराची कड दाबून धरली, दुसऱ्या पायाच्या टाचेचा अडसर केला आणि दोन्ही हातांनी रंधा चालविला. लाकडाची पातळ साल कागदाच्या गुंडाळीसारखी रंध्यातून बाहेर येऊ लागली. आपल्याकडील सुतार पिढ्यान्पिढ्या असाच जमिनीवर बसून काम करीत आला आहे. त्याचे मेज म्हणजे जमीन, आणि लाकूड पकडून ठेवण्याचा शिकंजा म्हणजे त्याचे पाय. हे दृश्य आम्ही लहानपणापासून शेकडो वेळा पाहिले होते. परंतु त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन पाहिले.

अर्ध्या तासात दार बसले. पुतण्याच्या धाकट्या मुलाने ते दहा वेळा उघडून मिटून पाहिले. आवाज नाही. सुतार हसून म्हणाले, "शिंगणापूर इथून पाच-सहा किलोमीटरवर. माझ्या आजोबांना तिथली माणसं चौकटीपुरती बोलवायची. दाराचं काम कधी मिळालं नाही." वाचकांस ठाऊकच आहे, की शनिदेवाच्या त्या गावात घरांना दाराची फळी न लावण्याची परंपरा आहे, २०११ साली युको बँकेनेही तेथे कुलूपाविना शाखा उघडली. सुताराच्या दृष्टीने या परंपरेला अशी एक बाजू असेल, हे मात्र आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

आम्ही त्यांस म्हटले, "हे आम्हांस शिकव." 'तू' सहज तोंडून गेले, जुन्या विद्यार्थ्यास दुसरे काय म्हणणार? त्यांनी एक फळी पुढे ठेवली आणि रंधा आमच्या हाती दिला. आम्ही धोतर सावरून खाली बसलो, पायाने फळी धरण्याचा यत्न केला, आणि फळी, रंधा व आम्ही असे तिघेही तीन दिशांना गेलो. उठताना गुडघ्यांनी जे सांगावयाचे ते सांगितले. सुतारांनी हात देऊन आम्हांस उठविले. "गुरुजी, जमिनीवरचं काम पाचव्या वर्षी शिकायचं असतं. तुम्हांला मेज लागेल. मेज करू, मग शिकवतो."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. खिडकीपाशी बसणारा तो मुलगा आठवला होता. द्विवचन त्याला काही केल्या येत नसे. 'देवः' म्हणून झाले की तो थेट 'देवाः' वर उडी घेई. मधला 'देवौ' त्याच्या जिभेवर थांबतच नसे. एकदा तपासणीचे दिवस जवळ आले असता आम्ही चिडून भर वर्गात म्हटले होते, "तुझ्या बापाने तुझ्या हाती रंधाच द्यायला हवा होता, पुस्तक नव्हे." वर्ग हसला होता. पुढल्या जूनमध्ये तो मुलगा शाळेत नव्हता. आम्ही हजेरीपटातून नाव कमी केले, आणि ती गोष्ट तेथेच संपली असे समजलो.

असो. मेजाकडे वळू, कारण ज्या वाचकांच्या घरी एखादी रिकामी पडवी, गच्चीवरील खोली अथवा जिन्याखालची जागा असेल, त्यांस या माहितीचा उपयोग होण्यासारखा आहे.

प्रथम जागा. सुतारांनी घरभर फिरून पडवीचा उत्तरेकडील भाग पसंत केला. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात ऊन डोळ्यांवर येत नाही आणि आखलेली रेघ स्वच्छ दिसते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डाव्या बाजूने येईल असे उभे राहावे, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. आम्ही मुलांना लिहिण्यासाठी हाच नियम सांगत आलो होतो.

नंतर लाकूड. आम्ही सागवानाची गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी मान हलविली. मेजाला देखणेपणा नको, वजन हवे. ठोकताना ते हलता कामा नये. या पठारावरचे असे लाकूड म्हणजे बाभूळ. गाडीची चाके, औतांचे भाग, हत्यारांचे दांडे, सर्व बाभळीचे. बाभळीचा दोष हा, की तिला भुंगा लवकर लागतो. म्हणून ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग सावलीत वाळवितात. सुतारांच्या परसात असे विहिरीत भिजवून वाळविलेले ओंडके होते. कशासाठी ठेवले होते, असे आम्ही विचारले. "गाडीच्या चाकांसाठी. वडिलांच्या वेळेपासून लाकूड साठवायची सवय. आता लाकडी चाक कोण करून घेतो?" रबरी धावांच्या लोखंडी गाड्या आल्या, मागून ट्रॅक्टर आले, आणि तुंबा, आरे व पुठे यांसाठी राखून ठेवलेले ते लाकूड आमच्या मेजाच्या कामी आले.

आता माप. मेजाची उंची ही वस्तूवरून ठरत नाही, माणसावरून ठरते. सरळ उभे राहावे, हात सैल खाली सोडावा आणि तळवा जमिनीशी समांतर करावा. जमिनीपासून तळव्यापर्यंतचे अंतर ती मेजाची उंची. मेज याहून उंच असेल तर रंध्यावर अंगाचा भार पडत नाही, ठेंगणे असेल तर कंबर धरते. आमच्या बाबतीत हे अंतर ३१ इंच भरले. लांबी ५ फूट, रुंदी २ फूट, माथ्याच्या फळ्यांची जाडी ३ इंच, पाय ४ इंच चौरस. पायांना भोके पाडून आडव्या लाकडांची टोके कोरून आत बसविली आणि वरून बाभळीच्या खुंट्या ठोकल्या; सांगाड्यात खिळा एकही नाही. पुढचे दोन पाय माथ्याच्या कडेशी अगदी समपातळीत ठेवले आहेत. याचे कारण आम्हांस नंतर समजले. लांब फळी उभी धरून तिची कड रंधावयाची असली, की ती मेजाच्या कडेला व पायाला अशी दोन्हींकडे टेकून राहते.

शिकंजा नगरच्या बाजारातून आणला. तो पुढच्या कडेला, डाव्या टोकापाशी बसविला. त्याच्या लोखंडी जबड्यांना लाकडाची पट्टी लावली; नाही तर मऊ लाकडावर दातांचे वळ उमटतात. माथ्याच्या डाव्या टोकाला एक चौकोनी भोक पाडून त्यात वर-खाली होणारा खुंटा बसविला. फळी त्याला टेकवून रंधा मारावयाचा. अशा रीतीने सुताराच्या एका पायाचे काम शिकंजाने आणि दुसऱ्या टाचेचे काम खुंट्याने पत्करले. सबंध मेज म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दिलेले दोन जास्तीचे पाय होत, असे आमच्या सौ.चे मत पडले.

हे काम चालले असता एके सकाळी सुतारांनी कावेच्या पाण्यात भिजविलेला दोरा काढला. एक टोक पुतण्याच्या मुलाला धरावयास दिले, दुसरे स्वतः ताणून धरले आणि मधोमध दोरा उचलून सोडला. लाकडावर सरळ तांबडी रेघ उठली. "याला काय म्हणतात?" मुलाने विचारले. सुतार म्हणाले, "सूत." आणि आम्ही हातातला गुण्या खाली ठेवला.

सूत म्हणजे सूत्र. सूत्रे शिकविण्यात आमचा जन्म गेला. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' यापासून आला, गुजरातीत तो अजून 'सुथार' असा 'थ' राखून आहे, हे आम्ही वर्गात सांगत असू. पण सांगताना आमच्या डोळ्यांपुढे नाटकाच्या आरंभी येणारा सूत्रधार उभा राही, दोरा धरणारा माणूस नव्हे. अमरकोशात सुतारासाठी तक्षा, वर्धकी, त्वष्टा, रथकार असे शब्द दिले आहेत. ते आम्हांस मुखोद्गत. करवतीचे संस्कृत नाव करपत्र, म्हणजे हातातले पान. त्याचाच आपला 'करवत' झाला. जुन्या ग्रंथांत ८ यवांचे एक अंगुल आणि २४ अंगुलांचा एक हस्त. आपल्या सुतारांच्या जुन्या गजाचेही भाग २४च, त्यांस तसू म्हणत. एवढे सर्व आम्हांस येत होते, आणि दार मात्र तीन वर्षे घासत राहिले होते.

मेज पुरे झाले तेव्हा आमचे पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले होते. सौ.ने बजावले, की पहिला पाट तिला हवा. तो आम्ही केला. त्याचे चारही कोपरे एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे सध्या त्यावर देवघरातील समई न ठेवता फुलांची परडी ठेवतात.

हत्यारांविषयी दोन शब्द. बाजारात पन्नास हत्यारांची पेटी मिळते. ती नवशिक्याने घेऊ नये, असे आमच्या गुरूंचे सांगणे. आरंभी एक करवत, एक रंधा, पाव, अर्धा व एक इंचाच्या तीन पटाश्या, गुण्या, हातोडा, लाकडी मोगरी, कानस, पक्कड, पेचकस आणि धार लावण्याचा दगड एवढे पुरते. पुढचे हत्यार तेव्हाच घ्यावे, जेव्हा त्यावाचून एखादे काम अडेल. मेजामागच्या भिंतीवर एक रुंद फळी ठोकून प्रत्येक हत्याराची खुंटी ठरविली आणि हत्याराभोवती पेन्सिल फिरवून त्याची आकृती फळीवर काढली. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली की कोणते हत्यार कोठे राहिले हे लहान मुलासही कळते. जे सतत लागते ते हाताशी, जे क्वचित लागते ते वर. पटाश्या मात्र मुलांच्या हाताबाहेर, धार भिंतीकडे करून. स्क्रू आणि खिळे औषधांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत भरले आहेत, म्हणजे झाकण न उघडता दिसतात.

सर्व कलेचे सार धारेत आहे. बोथट हत्यारास जोर लागतो, जोराने हात निसटतो आणि निसटलेला हात रक्त काढतो. म्हणून बोथट पटाशी ही धारदार पटाशीहून घातक. धारेचा उतार पात्याच्या जाडीच्या दुपटीहून किंचित अधिक लांब असावा. धार लागली की नाही हे सुतार अंगठ्याच्या नखावर पाहतात. पाते नखावर हलकेच टेकवावे. धार असेल तर ते तेथेच अडते, नसेल तर घसरते. आणि रंधा नेहमी लाकडाच्या तंतूंच्या कलाने चालवावा. उलट दिशेने मारला तर लाकूड उखडते.

विजेचे भोकपाडे यंत्रही आम्ही ठेवले आहे. त्याच्यासाठी वेगळा प्लग, नीट केलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली तरी प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घेतले. त्याजपुढे उपरणे, सैल बाह्या अथवा मोकळे केस चालावयाचे नाहीत, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावल्याविना कोणी हात लावावयाचा नाही. भुसा रोजच्या रोज झाडावा; तो वाऱ्याने उडतो आणि ठिणगीने पेटतो. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, हा नियम सूनबाईंचा. कपाटाला कुलूप मात्र लावलेले नाही. शिंगणापूर जवळ आहे म्हणून म्हणा अथवा कुलूपबंद हत्यार घरात असून नसल्यासारखे होते म्हणून म्हणा, सर्वांचे यावर एकमत झाले.

मध्यंतरी एकदा आम्ही नेवाशास जाऊन आलो. शके १२१२ मध्ये जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस खांब पाहावयाचा, हा हेतू. सुतारही बरोबर आले. दर्शन झाल्यावर आम्ही त्यांस प्रवरेकाठची लाडमोड टेकडी दाखविली. तेथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, गारगोटीसारख्या दगडाची धारदार पाती आणि थोडी तांब्याची हत्यारे सापडली. नदीच्या थरांत तर त्याहून कितीतरी प्राचीन अश्महत्यारे मिळाली. आम्ही हे सांगत होतो तेव्हा सुतारांनी खाली वाकून एक चपटा दगड उचलला, कडेवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "म्हणजे इथे आधी आमचे लोक होते, मग तुमचे." आम्ही हसलो, पण त्यात खोटे काहीच नव्हते. एकाच नदीकाठी प्रथम हात चालले, पुष्कळ काळाने ग्रंथ झाला.

हे दोन्ही एका घरात का नांदू नयेत? त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात बलुतेदारांचे जे चित्र आहे ते पाहिले म्हणजे कळते, की आपल्या गावात विद्या आणि हत्यार यांची घरेच निराळी होती, आणि एका घरचा माणूस दुसऱ्याच्या उंबरठ्याशी थांबे. सुताराला बलुत्याचे धान्य मिळे, शास्त्र्याला दक्षिणा. कोणी कोणाचे काम शिकावयाचे नाही. परंतु ज्यांनी ही वाट सोडली त्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत यंत्रांची चित्रे काढावयास शिकविणारे मास्तर. १८८८ साली बेळगावी सायकलींच्या लहानशा दुकानापासून त्यांच्या उद्योगाचा आरंभ झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरच्या एका संस्कृत शास्त्र्यांचे चिरंजीव. १९१३ साली लोकांनी पाहिलेला 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या त्यांच्या राहत्या घरी सिद्ध झाला. फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई घरच्या कामातून वेळ काढून करीत. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली. तिच्यावर आम्ही शिक्षक मंडळींनी भाषणे पुष्कळ केली. आमच्या शाळेत सुतारकामाची खोलीही होती. तिच्यात मोडकी बाके ठेवीत.

नेवाशाहून परतताना बसमध्ये आम्ही तो विषय काढला. बरेच दिवस काढावयाचा होता. मेज होईपर्यंत धीर झाला नाही. आम्ही म्हटले, "वर्गात मी एकदा तुम्हांला एक वाक्य बोललो होतो. ते बोलायला नको होते. आज इतक्या वर्षांनी त्याची क्षमा मागतो." बोलण्यात 'आम्ही'चा 'मी' आणि 'तू'चा 'तुम्ही' केव्हा झाला हे आमचे आम्हांस कळले नाही.

ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "शाळा मी तुमच्या बोलण्याने नाही सोडली, गुरुजी. वडील आजारी पडले, घरात दुसरं कोणी मिळवतं नव्हतं. पण बोलणं विसरलो नाही, हेही खरं." आणि थोड्या वेळाने, "मला अरेतुरेच करा. तुम्ही तुम्ही म्हणालात की मी दुसराच कोणी आहे असं वाटतं."

मजुरीचा हिशोब झाला त्या दिवशी त्यांनी पै न पै मोजून घेतली, आणि ते योग्यच होते. मग म्हणाले, "आणखी एक काम आहे." त्यांचा मुलगा हमरस्त्यावर यंत्राने कापलेल्या प्लायवुडची कपाटे विकतो, बापाचे हत्यार त्याने धरले नाही, आणि त्याबद्दल बापाची तक्रारही नाही. या मुलाची मुलगी नववीत आहे. तिने शाळेत संस्कृत घेतले आहे आणि तिला शब्द चालविता येत नाहीत. "तुम्हांला सवड असेल तर."

आम्ही त्यामुळे चैत्रापर्यंत राहिलो, आणि हा मजकूर लिहीत असताही घोडेगावीच आहोत. सकाळी मेजाच्या एका टोकाशी आम्ही रंधा चालवितो; सुतार कामावर जाता जाता डोकावतात, फळीवर बोट फिरवितात आणि बहुतेक वेळा काही न बोलता ती पुन्हा शिकंजात अडकवितात. अद्याप आमची कड काटकोनात येत नाही. सायंकाळी भुसा झाडून त्याच मेजावर वही उघडली जाते. मेज तिला उंच पडते, म्हणून पायाखाली एक सहा इंचांचा चौरंग करून दिला आहे. तो हलत नाही.

परवा ती 'नदी' शब्द म्हणत होती. "नदी," असे म्हणून थांबली, आणि मग एकदम "नद्यः" म्हणाली. मधले 'नद्यौ' सुटले होते. दारात तिचे आजोबा तिला न्यावयास येऊन उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे पाहिले. रंधा अजून मेजावरच होता, आम्ही तो उचलून त्याच्या खुंटीवर ठेवला आणि मुलीस म्हटले, "पुन्हा एकदा म्हण, बाळ. सावकाश. घाई नाही."